पार्सेच्या तिठ्यावर विजेची गाडी

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 2023 च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाल्यापासून पेडणे तालुक्यातील रहदारीचे स्वरूप पालटले असून, पत्रादेवीचा नाका ओलांडून आलेला किंवा विमानतळावरून मांद्रे-हरमलच्या किनाऱ्याकडे निघालेला प्रवासी विजेच्या मोटारीत असेल, तर पार्सेसारख्या गावाशी पोहोचताच बॅटरी कोठे भरता येईल, ही विवंचना त्याला लागते. पर्यटकांना भाड्याने द्यावयाची नवी वाहने 2024 च्या जानेवारीपासून विजेचीच असतील, असे गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी 2023 साली जाहीर केले होते. तेव्हा ही विवंचना यापुढे वाढतच जाणार, हे उघड आहे.

कायद्याची आडकाठी येथे फारशी नाही. वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 च्या एप्रिलमध्ये केल्यामुळे तिठ्यावरचा दुकानदारसुद्धा वेगळ्या परवान्यावाचून असे केंद्र उघडू शकतो. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत शहरांसाठी तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक केंद्र असावे असे ठरविताना अग्रक्रम मिळाला तो चाळीस लाखांवरील वस्तीच्या महानगरांना व द्रुतगती मार्गांना, आणि त्यानंतर राज्यांच्या राजधान्यांना. खेड्यापाड्यांचा विचार त्या क्रमात कोठेच नव्हता.

खरी अडचण भाराची आहे. घरातील पंधरा अँपिअरच्या प्लगातून सुमारे तीन किलोवॅट वीज मिळते. स्कूटरच्या तीन-चार युनिटांच्या बॅटरीस ती पुरेशी होते, परंतु तीस युनिटांच्या मोटारीला तिच्यावर रात्रभर उभे राहावे लागते. हेच काम तासाभरात उरकणारे यंत्र तीस किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीज ओढते, म्हणजे असे दहा प्लग एकाच वेळी चालू केल्याइतका ताण गावच्या ट्रान्सफॉर्मरवर टाकते. म्हणून वीज खात्याकडे दरखास्त केल्यापासून जादा भाराची मंजुरी मिळेपर्यंत बराच काळ जातो. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के विजेच्या होत्या, परंतु तेथेही बहुतेक लोक गाडी भरतात ती आपल्या दारातच, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पार्सेतही ज्याच्या घरापुढे अंगण आहे, त्याची सोय पडवीतल्या प्लगावर होते. होत नाही ती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची आणि दिवसभर उतारूंची ने-आण करणाऱ्या मोटारसायकल पायलटाची, ज्याला दुपारी बॅटरी उतरली म्हणून घरी जाऊन बसणे परवडत नाही. यांच्यासाठी एका बलाढ्य यंत्रापेक्षा पंचायतीच्या आवारात, बाजारात आणि पायलटांच्या थांब्यावर, छपराखाली, मीटर लावलेले साधे पंधरा अँपिअरचे प्लग बसविणे मला अधिक निकडीचे वाटते. शीघ्र यंत्राची जागा महामार्गालगत धारगळच्या बाजूला आहे.

बसविलेले यंत्र चालू ठेवणे, हा तर याहून मोठा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात एका केंद्रावर मी पाहिले, की फोनच्या नकाशावर यंत्र मोकळे दिसत होते, प्रत्यक्षात पडदा काळा होता, चार्जिंगच्या गनच्या तोंडाशी पाणी साचले होते आणि पुढ्यातल्या राखीव जागेत पेट्रोलची गाडी लावलेली होती. ओल्या मुलासह उभ्या असलेल्या एका गृहस्थाने यंत्रावरील क्रमांक पुनःपुन्हा फिरवला, पण कोणी उचलला नाही. आषाढात विजांच्या कडकडाटासरशी पुरवठा खंडित होणाऱ्या या प्रदेशात अर्थिंगची नियमित तपासणी न करता केंद्र चालविणे धोक्याचेही आहे. म्हणून ग्रामसभेत अशा केंद्राचा ठराव येईल तेव्हा नादुरुस्त यंत्र किती दिवसांत दुरुस्त होईल, तोवर जबाबदार इसम कोण आणि राखीव जागा अडविणाऱ्याला हटविण्याचा अधिकार कोणाला, एवढ्या तीन गोष्टी ग्रामस्थांनी ठरावाच्या मसुद्यातच लिहून घ्याव्यात.