खाणीच्या पाण्यातला ट्राउट

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात बंद कोळसा खाणींचं पाणी ओढ्यात उतरलं की तळातले दगड नारिंगी होतात. खाणीतल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागून गंधकाम्ल तयार होतं, लोह विरघळतं आणि पुढे गाळ होऊन बसतं. खाणकामगार त्याला ‘यलो बॉय’ म्हणतात. चुना घालून आम्लता मोडली, लोह-अ‍ॅल्युमिनियम खाली बसू दिलं, पाणी पायऱ्यांवरून खळाळत सोडून हवा खेळवली, की तेच माशांना चालतं. निवळण्यात कसूर राहिली तर गाळ थेट कल्ल्यांत अडकतो.

या पाण्याची खरी श्रीमंती त्याच्या गारव्यात. जमिनीखालून येत असल्याने ते बारा महिने साधारण 12-13 अंश सेल्सिअस राहतं, आणि रेनबो ट्राउटला नेमकं तेच मानवतं. ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासाही या पाण्यात वाढवून पाहिला गेला.

हे मासे विकणं मात्र अवघड. आयडाहो राज्यातल्या झऱ्यांवरच्या मोठ्या ट्राउट फार्मांशी भावात कोण टिकणार? त्यामुळे छोट्या उत्पादकाचं गिऱ्हाईक जवळपासच: पैसे भरून गळ टाकायची तळी जिवंत मासा घेतात, हॉटेलं काटे काढलेला. वेष्टनावर ‘खाणीचं पाणी’ छापायचं का, हा वेगळाच पेच.