परड्यातला टोमॅटो कसदार कधी होतो?

आंजर्ले (ता. दापोली) : भात निघालं की परड्यात किंवा विहिरीच्या कडेला टोमॅटोची चार रोपं लावायची, ही किनारपट्टीवरच्या घरांची जुनी सवय. एरवी बाजारात मिळतो तो नारायणगाव, पिंपळगाव बसवंतकडचा घाटावरचा माल. ‘घरचा तो कसदार’ असं सर्रास म्हटलं जातं. पण नुसता घरचा म्हणून टोमॅटो कसदार होत नाही. ऊन, पाणी, खत आणि तोडणीची वेळ जुळावी लागते.

टोमॅटोत साधारण ९४ ते ९५ टक्के पाणीच असतं. साखर, आंबटपणा, क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि लाल रंग देणारं लायकोपीन हे सगळं उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत. लागवडीचा फरक पडतो तो इथेच.

ऊन हवं, भाजणं नको

फळाला आणि पानांना ऊन मिळालं तर क जीवनसत्त्व वाढतं. त्यामुळे आगरात नारळी-पोफळीच्या दाट सावलीत लावलेली रोपं उंच वाढतात, पण फळ कमी कसाचं निघतं. उलट कडक उन्हात तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की लायकोपीन तयार होणं मंदावतं. म्हणूनच उन्हाळ्यातल्या फळाचा देठाकडचा भाग पिवळट राहतो. आपल्याकडे नोव्हेंबरात रोपं लावली तर फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या गारव्यात पिकतं. रंगाला हाच काळ चांगला.

पाण्याचा हिशोब

फळ पिकत असताना भरपूर पाणी दिलं तर वजन वाढतं, पण गोडी पातळ होते आणि फळं तडकतात. पाणी थोडं आवरलं तर फळ लहान राहतं, चव मात्र दाट होते. विकणाऱ्याला पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे इथे कस आणि कमाई यांची ओढाताण होते.

किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. किंचित खारेपणाने साखर वाढते, पण खार वाढला की झाडाला चुनखत म्हणजे कॅल्शियम नीट घेता येत नाही आणि फळं बुडाकडून काळी पडतात. पाणी कधी जास्त, कधी अजिबात नाही, असं झालं तरी हेच होतं. बुंध्याशी पेंढा किंवा पालापाचोळा पसरला की ओल टिकते.

युरिया बेताने

कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी. मुसळधार पावसात तिच्यातला चुना वाहून जातो. माती तपासून चुना द्यावा. चुलीतल्या राखेतून पोटॅश मिळतं आणि आम्लताही थोडी उतरते. राख मात्र मूठभरच. युरिया जास्त झाला तर पानोळा माजतो, फळं सावलीत जातात आणि क जीवनसत्त्व घटतं.

तोडणी आणि ताट

लांबच्या बाजाराचा माल रंग धरू लागताच तोडतात. तो वाटेत लाल होतो, पण झाडाकडून येणारी साखर तोडतानाच थांबलेली असते. परड्यातलं फळ झाडावरच पिकू देता येतं, हा घरच्या टोमॅटोचा खरा फायदा. ते लगेच फ्रिजमध्ये ठेवू नये, चव जाते.

क जीवनसत्त्व शिजवताना कमी होतं, म्हणून कच्ची कोशिंबीर चांगली. लायकोपीन मात्र शिजवल्यावर आणि तेल-नारळासोबत अंगी जास्त लागतं. म्हणजे नारळाचं दूध घातलेलं टोमॅटोचं सारही तितकंच उपयोगाचं.