सभेत ठराव झाला, पण झोन बदलला का?

"दोन वर्षांत येलो होणार, साहेब." शहराच्या हद्दीवरचा प्लॉट दाखवताना एजंट हे हमखास सांगतो. पुरावा म्हणून मोबाइलवर बातमीचे कात्रण: ग्रीन झोन निवासी करण्याचा ठराव महापालिकेच्या सभेत मंजूर. लोक टोकन देऊन मोकळे होतात.

ठरावाने झोन बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे आधी राजपत्रात सूचना निघते, महिनाभर हरकती-सूचना घेतात, सुनावणी होते आणि मग फाइल नगरविकास विभागाकडे जाते. शासन प्रस्तावात फेरबदल करू शकते, तो फेटाळूही शकते. मंजुरीची अधिसूचना निघाली की नकाशावरचा हिरवा पिवळा होतो, त्याआधी नाही. तेव्हा कात्रण राहू द्या. झोन दाखला आणि भाग नकाशा मागा.

शेवटचा शब्द कुणाचा, हे पुण्याने चांगलेच पाहिले आहे. जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीतच दोन तट पडले. मार्च 2015 मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. सभागृहात घसा कोरडा केलेले नगरसेवक बघत राहिले.

दुसरा घोळ एफएसआयचा. 'एफएसआय दोन म्हणजे दोन मजले' असे शिकलेली माणसेही म्हणतात. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय दोन म्हणजे एकूण दोन हजार चौरस मीटर बांधकाम. अर्ध्या जागेवर बांधले तर चार मजले, पाव जागेवर बांधले तर आठ. उंचीला आवर घालतात ती रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे, अग्निशमनाचे नियम. म्हणून हरकतीत नुसते 'टॉवर नको' लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर घाला, रस्ता किती मीटरचा ते लिहा, ड्रेनेज कुठे सोडणार ते विचारा.

आणि आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण पडले म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. सातबाऱ्यावर मालकाचेच नाव राहते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर कलम 127 खाली मालक खरेदी सूचना देतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. तोवर क्रीडांगण नकाशात असते आणि मुले सोसायटीच्या पार्किंगमध्ये.