बारा ते नऊच्या मधला मराठी सिनेमा

कला की धंदा, हा वाद मराठी सिनेमाच्या बाबतीत बहुतेक वेळा दिग्दर्शकाच्या दारात जाऊन घातला जातो. गेल्या वीस वर्षांकडे मीरा रोडहून पाहताना मला तो खेळांच्या वेळापत्रकात दिसतो.

गिरगाव, परळ, लालबागहून जी मराठी कुटुंबं या बाजूला राहायला आली, त्यांच्या मागे लालबागचं ‘भारतमाता’ आणि दादरचं ‘प्लाझा’ राहिलं. इथे वाट्याला आली मल्टिप्लेक्सं, जिथे मराठी चित्रपट हा हिंदी-इंग्रजीच्या मधल्या फटीत बसवायचा माल होता. २००४ साली ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आणला. ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी आपल्या खिशातून वर्गणी दिली. प्रेक्षक नाही, असं त्यानंतर तरी कुणी म्हणायला नको होतं.

पण हिशेब वेगळाच मांडलेला असतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा तंटा मिटला, तेव्हा ठरलेल्या वाटणीत निर्मात्याचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के होता आणि चौथ्यापासून ३० टक्के. ही उतरंड हळूहळू, तोंडोतोंडी पसरणाऱ्या सिनेमाच्या मुळावर येते. पहिल्या तीन दिवसांत गल्ला जमवायचा तर जाहिरातीला पैसा हवा, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याचाच सिनेमा ‘चालणारा’ ठरतो.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठीला प्राइम टाइम देण्याची घोषणा केली. बरीच आदळआपट झाली, आणि अखेर दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरली. त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लागला. व्हेनिसला गौरवलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. पण ज्याची गाडी चर्चगेटहून सुटून रात्री आठ-साडेआठला मीरा रोडला लागते, त्याला १२ ते ९ ही सवलत काय कामाची? दुपारचा खेळ रिकामा जातो आणि सोमवारी तोच रिकामेपणा पुरावा म्हणून दाखवला जातो. ‘कासव’च्या वेळी हेच झालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार होता. आमच्या घरात रविवारचा बेत ठरेपर्यंत जवळपास कुठे खेळच उरला नव्हता. मला आजही त्याची चुटपुट आहे.

मधे ‘सैराट’ येऊन गेला. २०१६ साली साताऱ्याजवळच्या रहिमतपुरात मध्यरात्रीचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. ‘फँड्री’ करणाऱ्या नागराज मंजुळेंनी जातीचं तेच दुखणं गाण्यांसह, मोठ्या पडद्याच्या दिमाखात मांडलं आणि १०० कोटींचा टप्पा गाठला. कलेशी तडजोड केली म्हणून पैसा आला, असं म्हणणाऱ्यांनी त्याचा शेवट पुन्हा पाहावा. ज्या वेळी प्रेक्षक मोकळा होता, त्या वेळी सिनेमा त्याच्यासमोर ठेवला गेला, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ने उलट्या बाजूने तेच दाखवलं: बायका साड्या नेसून, गट करून आल्या आणि त्यांनी दुपारचे खेळ भरले.

त्याआधी ताम्हाणेचाच, शास्त्रीय गायकावरचा ‘द डिसायपल’ व्हेनिसहून पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि एप्रिल २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर गेला. टाळेबंदीचा काळ होता, मान्य. तरी त्यातले ते लांबलचक आलाप मोबाइलवर ऐकावे लागले, हे नुकसानच.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले. पुढच्याच शुक्रवारी सनडान्सचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळवलेला रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ आला. एवढ्या गर्दीत पडदे कुणाला मिळणार, हे त्या सिनेमांच्या गुणांवर ठरत नाही. त्याच वर्षी जुलैत मराठीच्या प्रश्नावर मीरा रोडच्या रस्त्यावर मोर्चा निघाला होता. त्या जोरातला थोडा जोर रात्री साडेनऊच्या एका खेळासाठी लावायला हवा. काशिमिऱ्याच्या बाजूला महापालिकेचं लता मंगेशकर नाट्यगृह आहे. मल्टिप्लेक्सला परवडत नसेल, तर महिन्यातून एका रात्री तिथे पडदा लावून सुरुवात करता येईल.