विश्लेषण : आपट्याच्या पानाचे ‘सोने’ कसे झाले? कालिदासाच्या कथेत तर हे झाडच नाही!

दसऱ्याच्या संध्याकाळी ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणत आपण एकमेकांना आपट्याची पाने देतो. या प्रथेमागची गोष्ट म्हणून रघुराजा आणि कौत्साची कथा दर वर्षी मोबाइलवर फिरते. मात्र ज्या काव्यामुळे ही कथा सर्वदूर पोहोचली, त्या कालिदासाच्या ‘रघुवंशा’त आपट्याचे झाडच नाही. मग ते आले कुठून?

‘रघुवंशा’त नेमके काय आहे?

काव्याच्या पाचव्या सर्गात ही कथा येते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी हट्ट धरतो. वैतागलेले गुरू १४ विद्यांच्या हिशेबाने १४ कोटी सुवर्णमुद्रा मागतात. कौत्स रघूकडे येतो, पण विश्वजित यज्ञात राजाने सर्वस्व दान केलेले असते. मातीच्या पात्रातून आपले स्वागत होते हे पाहून कौत्स परत निघतो. रघू त्याला थांबवतो आणि थेट कुबेरावर चाल करून जायची तयारी करतो. त्याच रात्री राजाच्या कोषागारात सोन्याचा पाऊस पडतो.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. रघू सगळे सोने देऊ पाहतो. कौत्स मात्र गुरूला द्यायचे तेवढेच घेतो. गरजेपेक्षा जास्त न घेणारा याचक आणि मागितल्यापेक्षा जास्त देणारा दाता, या दोघांचेही अयोध्येचे लोक कौतुक करतात.

कथेत झाड कसे आले?

लोककथेने कालिदासाची गोष्ट पुढे नेली. तिच्यात सोने कोषागाराऐवजी गावाबाहेरच्या झाडावर पडते. काही ठिकाणी ते झाड शमीचे, तर काही ठिकाणी आपट्याचे. उरलेले सोने रघूही ठेवून घेत नाही आणि कौत्सही. शेवटी ते झाडाखाली लोकांना लुटायला दिले जाते. ‘सोने लुटणे’ हा शब्दप्रयोग याच गोष्टीशी जोडला जातो. म्हणजे ही लूट हिसकावण्याची नाही, वाटून टाकण्याची आहे.

शमीला एवढा मान का?

दसऱ्याचा मूळ मानकरी शमी, म्हणजे आपल्याकडचा सौंदड. महाभारताच्या विराटपर्वात पांडव अज्ञातवासाला जाताना आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर लपवतात. वर्ष संपताना अर्जुन तिथूनच गांडीव काढतो. पाऊस संपला, नद्या उतरल्या, वाटा मोकळ्या झाल्या की मोहिमांना निघायचे, या सीमोल्लंघनाच्या काळाशी ही कथा चपखल बसली.

त्याआधी शमीची ओळख होती ती अग्नीची. यज्ञासाठी घर्षणाने अग्नी काढण्याच्या अरणीला शमीवर उगवलेल्या पिंपळाचे लाकूड उत्तम मानत. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडून पिंपळ दुसऱ्या झाडावर उगवतो, हे आपण रोज पाहतो. त्यातूनच शमीच्या पोटात अग्नी असतो ही कल्पना रुजली. ‘शाकुंतल’ नाटकात गर्भवती शकुंतलेला पोटात अग्नी असलेल्या शमीची उपमा आहे.

मग महाराष्ट्रात आपटा का?

शमी मुळात कोरड्या प्रदेशातले झाड. महाराष्ट्रात ते सगळीकडे सहज सापडत नाही. आपटा मात्र पानझडी जंगलात आणि डोंगरउतारावर भरपूर. संस्कृतात त्याला अश्मंतक म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात लिहिल्या गेलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात शमी नसेल तर अश्मंतकाच्या पूजेचा पर्याय दिला आहे. तेलंगणात आजही शमीचीच पाने सोने म्हणून देतात. कोल्हापुरातही शाही दसऱ्याला दसरा चौकात आधी शमीपूजन होते आणि मग सोने लुटले जाते.

आपण देतो ते पान नक्की आपट्याचेच?

बऱ्याचदा नाही. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानेही विकली जातात. दोन्ही झाडे एकाच गटातली आणि दोन्हींची पाने दुभंगलेली, त्यामुळे गल्लत होते. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे पान बरेच मोठे आणि पातळ असते. थोडक्यात, कोषागारातले सोने आधी शमीवर आले, मग आपट्यावर आणि आता कांचनावर. वस्तू दर वेळी बदलली, अर्थ तोच राहिला.

प्रतीकाची किंमत कोण मोजते?

झाड मोजते. दसऱ्याच्या आधी पाने नव्हे, फांद्याच तोडून शहरात आणल्या जातात. सण संपला की दुसऱ्या दिवशी ते ‘सोने’ कचऱ्यात दिसते. पावसाळ्यानंतर पानांनी भरलेले झाड पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी अन्न साठवत असते. नेमक्या याच काळात ते ओरबाडले जाते. दर वर्षी फांद्या तुटल्या तर लहान झाडे खुरटतात.

याच शमीची दुसरी बाजू राजस्थानात दिसते. तिथे तिला खेजडी म्हणतात. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृता देवींसह ३६३ बिष्णोईंनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. वाळवंटात खेजडीची सावली, चारा आणि शेंगा यांवर जगणे अवलंबून असते. तिथे झाडाला सोने म्हणायची गरज पडली नाही, त्याची किंमत लोकांना माहीत होती.

मग यंदा सोने कसे द्यायचे?

कथेतच उत्तर आहे. कौत्साने लागेल तेवढेच घेतले. घरासाठी जुडीऐवजी मोजकी पाने पुरतात. देव्हाऱ्यातले एक पान आणि हातात हात घेऊन दिलेल्या शुभेच्छा यांनी प्रथा मोडत नाही. सोसायटीच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर आपट्याचे एक रोप लावले, तर काही वर्षांनी पाने विकत आणावी लागणार नाहीत. गोष्टीतले सोने एकदाच पडले होते. झाड जगले तर मात्र ते दर वर्षी नव्याने फुटते.