भाड्याची ट्रॉली आणि लांबचा पल्ला

कांदा दूरच्या बाजारपेठेत नेताना ट्रॅक्टर घरचा व ट्रॉली भाड्याची, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. अशा ट्रॉलीवर पूर्वी किती भार घातला गेला, हे घेणारास ठाऊक नसते. म्हणून भाडे ठरविण्यापूर्वीच ती तपासावी. टायरांच्या भेगा, चाकांचे नट, जोडदांडीचे झिजलेले भोक व मागील लाल परावर्तक पाहावेत. जोडपिनेबरोबर सुरक्षा-साखळीही अवश्य मागून घ्यावी.

दोनचाकी ट्रॉलीत माल आसाच्या मागे अधिक भरल्यास जोडदांडी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. फारच पुढे भरल्यास चढावर पुढील चाके हलकी होतात व ट्रॅक्टर वळेनासा होतो. यास्तव गोण्या सारख्या पसरून थोडाच भार आसाच्या पुढे येऊ द्यावा.

खरी कसोटी उतारावर लागते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात, त्यामुळे सारा भार ट्रॅक्टरला मागून ढकलतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. मध्येच क्लच दाबू नये. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचविण्याची काहींना सवय असते. वाचणारे डिझेल ते किती, आणि त्यासाठी पणाला काय लागते! ब्रेकची दोन्ही पेडले पट्टीने जोडलेली असावीत. एकच दाबले गेल्यास ट्रॅक्टर एका अंगास वळतो व मागील ट्रॉली त्यास आडवा पाडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते, हेही ध्यानात असावे.

पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत.