कोळंबीचा तलाव बिघडला : चालू ठेवावा की मोडावा?

पावसाने दडी मारली की दुबार पेरणी करावी की आहे तेच पीक सांभाळावे, हा प्रश्न शेतकऱ्याला नवा नाही. कोकणात खाडीकाठी निमखाऱ्या पाण्यात कोळंबी घेणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहतो. फरक एवढाच की, मोडलेले भात शेजाऱ्याचे भात बिघडवत नाही. रोगट तलावाचे पाणी खाडीत गेले तर मात्र त्याच खाडीतून पाणी घेणारे सर्व तलाव धोक्यात येतात.

प्रथम बिघाड पाण्याचा आहे की रोगाचा, हे ठरवावे. पहाटे कोळंबी पृष्ठभागावर येत असेल व दिवस वर आल्यावर खाली जात असेल, तर बहुधा प्राणवायू कमी पडला आहे. हिरवट पाणी एकाएकी नितळ झाले असेल तर प्लवंग मेले असे समजावे. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे, वायुवीजन यंत्रे रात्रभर चालवावीत आणि सामू व अमोनिया तपासावा. अवकाळी पावसाचे गोडे पाणी वर साचते; उघाडीच्या वरच्या फळ्या काढून तेवढेच वाहू द्यावे. असा तलाव बहुधा सावरतो, तो मोडण्याची घाई करू नये.

कोळंबी खाद्य सोडून बांधाच्या कडेला येऊन मरू लागली तर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. ठिपके दिसलेच पाहिजेत असे नाही. भारतात २००९ पासून आलेल्या व्हेनामी जातीत ते पुष्कळदा दिसत नाहीत. उलट जिवाणूंमुळेही ठिपके येतात. म्हणून नमुने देऊन पीसीआर तपासणी करून घ्यावी. या रोगावर औषध नाही. तीन ते दहा दिवसांत बहुतेक कोळंबी मरते, तेव्हा औषधविक्रेत्याच्या बाटल्यांवर पैसा घालू नये.

रोग निश्चित झाला व माल विकण्याजोगा असला तर उघाडी बंद ठेवून जाळ्याने काढावा. पाणी सोडू नये. त्यात ३० पीपीएम क्लोरीन मिळेल इतकी ब्लिचिंग पावडर टाकावी. एक एकराच्या, सरासरी एक मीटर खोल तलावाला ३० टक्के क्लोरीनची पावडर सुमारे ४०० किलो लागते. पाणी किमान सात दिवस कोंडून ठेवावे आणि शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. हे कळवणे जड जाते, पण न कळवल्यास शेजारी त्याच खाडीचे पाणी आत घेतो.

मर नाही पण वाढही नाही, हा प्रकार जास्त फसवा. लहानमोठी कोळंबी एकत्र दिसू लागली तर ईएचपी या सूक्ष्म परजीवीची तपासणी करावी. येथे निर्णय हिशेबाने घ्यावा. समजा, १० ग्रॅमची ८४,००० कोळंबी आहे, म्हणजे ८४० किलो. वजनाच्या ३ टक्के दराने आठवड्याला सुमारे १७६ किलो खाद्य जाते. आठवड्यात दीड ग्रॅम वाढ झाली तर १२६ किलो माल वाढतो. अर्धा ग्रॅमच झाली तर ४२ किलो, म्हणजे किलोभर वाढीला चार किलोंहून अधिक खाद्य! दोन आठवडे हेच दिसले तर माल काढावा.

पुन्हा सुरुवात करताना तळ भेगा पडेपर्यंत वाळवावा. विषाणूचा रोग झाला असल्यास तीन आठवड्यांहून अधिक ऊन द्यावे. काळा गाळ खरवडून दूर टाकावा, बांधावर नको. पावसात तो परत आत येतो. खेकडे रोग वाहून आणतात, म्हणून बांधाभोवती जाळीचे कुंपण करावे. ईएचपी झाला असल्यास हेक्टरी ६ टन कळीचा चुना मातीत १० ते १२ सें.मी. मिसळून ओलावा द्यावा, म्हणजे सामू १२ पर्यंत चढून बीजाणू मरतात. तो उतरल्यावरच पाणी भरावे व पीसीआर तपासलेले बीज सोडावे.

जानेवारीत मोडलेला तलाव फेब्रुवारीअखेर तयार झाला तर जूनपूर्वी ९० दिवस मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोडल्यास मात्र त्या हंगामात पुन्हा बीज सोडू नये. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते. त्यापेक्षा तळ वाळवून ठेवावा आणि पावसाळा संपून पाण्याची क्षारता वाढल्यावर बीज सोडावे.